आधी आकडा लिहा, मग प्ले दाबा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात, पहिल्या भागात, पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. केप्लरचे तिन्ही नियम, मुक्तिवेग, सगळं त्यातच. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे हा धडा शिकवायची वेळ येते तेव्हा ठाण्याच्या आकाशावर ढगांचं झाकण पक्कं बसलेलं असतं. गुरू, शनी, ध्रुवतारा, काहीही दाखवायचं म्हटलं तरी नवरात्राची वाट पाहावी लागते, आणि तोवर पहिल्या सत्राची परीक्षा दारात आलेली असते.

म्हणून संगणकावरचं आकाश हवं, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ते कसं वापरायचं याबद्दल. प्रोजेक्टर लावून शनीभोवती एक गिरकी मारली की मुलं हरखून जातात. पुढच्या आठवड्यात विचारावं, शनीचे चंद्र शनीवर पडत का नाहीत, तर वर्ग गप्प. पाहणं झालेलं असतं, विचार झालेला नसतो. त्यामुळे माझा एकच हट्ट आहे: प्ले दाबण्याआधी प्रत्येक मुलाच्या वहीत एक आकडा लिहिलेला हवा, आणि तो पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज उत्तर दिसताच खोडरबराखाली जातो. चुकलेला अंदाज वहीत तसाच राहिला, तरच तो का चुकला यावर बोलता येतं.

सुरुवात स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने करावी. ते मोफत आहे आणि एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर ठेवावा. वीस मशीनवर एकाच वेळी डाउनलोड लावलं तर तास तिथेच संपतो. लॅबमधली जुनी मशीन्स कधी कधी ग्राफिक्सपाशी अडतात आणि स्टेलेरियम उघडतच नाही. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करून पाहावा, नाहीच जमलं तर ब्राउझरमधलं स्टेलेरियम वेब चालवावं, मात्र पुढे दिलेले सगळे प्रयोग त्यात होत नाहीत.

मग एफ६ दाबून ठिकाण स्वतः भरायचं. इंटरनेटवरून आपोआप आलेल्या ठिकाणावर विसंबू नये. ठाण्यासाठी अक्षांश १९.२ उत्तर, रेखांश ७२.९७ पूर्व, वाशी-नेरुळसाठी १९.०५ आणि ७३.०. टाइम झोन आशिया/कोलकाता. ताळा सोपा आहे: ध्रुवतारा निवडा आणि त्याची क्षितिजापासूनची उंची वाचा. ती १९ अंशांच्या आसपास, पाऊण अंश इकडेतिकडे, आली पाहिजे. भलतीच आली तर ठिकाण चुकलंय. हा ताळा मुलांनाच करायला लावावा. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, ही गोष्ट त्यातून आपसूक पक्की होते. शिवाय आपल्याकडे ध्रुवतारा इतका खाली का, घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमागे तो कायमचा का लपतो, हेही लक्षात येतं.

एफ४ मध्ये प्रकाशप्रदूषणाची पट्टी असते. ती बोर्टल ८ किंवा ९ वर आणून ठेवावी (बोर्टल म्हणजे आकाश किती उजेडी ते सांगणारी १ ते ९ ची श्रेणी). मूळ सेटिंगमध्ये दिसणारं आकाश ठाण्याचं नसतं. ते पाहिलेलं मूल ऑक्टोबरात गच्चीवर जातं आणि आकाशगंगा कुठे गेली म्हणून विचारतं. उत्साही शिक्षकांनी शाळेच्या गच्चीचं क्षितिजही बनवून घ्यावं. फोनने ३६० अंशांचा पॅनोरामा काढायचा, त्यातलं आकाश पुसून पारदर्शक करायचं, ४०९६ बाय २०४८ पिक्सेलची पीएनजी फाइल करायची, सोबत चार-पाच ओळींची सेटिंगची फाइल जोडून झिप करायची आणि स्टेलेरियममध्ये ती लँडस्केप म्हणून घ्यायची. हमखास चुकते ती उत्तर दिशा. सगळं चित्र वीस-तीस अंशांनी फिरलेलं निघतं, कारण फोनचं होकायंत्र गच्चीवरच्या लोखंडी टाकीजवळ आणि सळ्यांजवळ बिघडतं. एखाद्या संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगराच्या नेमक्या कोणत्या खाचेत मावळतो ते पाहून ठेवलं, तर तेवढा कोन बदलून चित्र जागेवर आणता येतं.

पहिला आकडा शून्य सावलीचा. ठाण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, साधारण १६ मे आणि २७ जुलैला. एकदा शाळेला सुट्टी, एकदा ढग, म्हणजे ठाण्याच्या मुलांना शून्य सावली वर्गासोबत पाहायला मिळणं अवघडच. प्रश्न असा: त्या दिवशी सूर्य माथ्यावर किती वाजता येईल? बहुतेक वह्यांमध्ये बारा लिहिलेलं असतं. मग हिशोब. घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशावर, आपण आहोत ७३ वर. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून ३८ मिनिटं उशीर. आता वह्यांत १२:३८ येतं. स्टेलेरियम मेमध्ये १२:३४ दाखवतं आणि जुलैमध्ये १२:४५. हा उरलेला फरक पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांच्यामुळे पडतो. नववीपर्यंत तो नुसता दाखवून सोडावा, अकरावीला त्याचा आलेख काढून घ्यावा.

आता या सगळ्या खटाटोपाचा गाभा, गुरूचे चंद्र. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये जे केलं तेच मुलांनी पावसाळ्यातल्या लॅबमध्ये करायचं: आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो रोज कुठे आहेत ते नोंदवायचं आणि त्यावरून केप्लरचा तिसरा नियम पडताळायचा: अंतराचा घन भागिले आवर्तकालाचा (एका फेरीला लागणाऱ्या काळाचा) वर्ग सगळ्या चंद्रांसाठी सारखाच येतो.

तयारी अशी. गुरू शोधून निवडा, स्पेस दाबून मध्यावर आणा, दृश्य ०.४ अंशांपर्यंत मोठं करा. एवढ्यात कॅलिस्टोही मावतो. ए दाबून वातावरण आणि जी दाबून जमीन बंद करा, नाहीतर मध्येच दिवस उजाडतो किंवा गुरू मावळतो. कंट्रोल-एम दाबून विषुववृत्तीय पद्धत घ्या. हे राहून गेलं तर चंद्रांची रांग रात्रभर तिरकी फिरत राहते, पूर्व-पश्चिम उलटसुलट होतं आणि निम्म्या वर्गाची चिन्हं चुकतात. एफ४ मध्ये ग्रह मोठे करून दाखवायचा पर्याय चुकून चालू नाही ना, तेही पाहून घ्या. कोन मोजायचं साधन प्लगइनमध्ये असतं. ते एकदा निवडून, सुरुवातीपासून चालू ठेवायची खूण करून, स्टेलेरियम बंद करून पुन्हा उघडावं लागतं. मग कंट्रोल-ए दाबून गुरूच्या मध्यापासून चंद्रापर्यंत माऊस ओढायचा. पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. आलेलं अंतर गुरूच्या त्रिज्येने भागून तक्त्यात लिहायचं.

दोन-दोन मुलांची जोडी, एका जोडीला एक चंद्र. पहिल्या फेरीत त्यांना सुचेल तसं करू द्यावं, आणि त्यांना सुचतं ते रोज रात्री नऊची नोंद. = दाबलं की एक दिवस पुढे, नोंद; पुन्हा =, पुन्हा नोंद. कॅलिस्टोवाल्यांना आलेख सुरेख मिळतो, १६.७ दिवसांचा. गॅनिमीडचा ७.१५, युरोपाचा ३.५५. आयोवाल्यांचाही आलेख सुरेखच येतो, २.३ दिवसांचा. मग फळ्यावर अंतराचा घन भागिले आवर्तकालाचा वर्ग काढायचा. अंतर गुरूच्या त्रिज्येत आणि काळ दिवसांत घेतला, तर कॅलिस्टो, गॅनिमीड आणि युरोपा तिघांचा भागाकार ६५-६६ येतो. आयोचा येतो ३९.

वर्गातला हा क्षण घाईने उरकू नये. तीन चंद्र केप्लरचं ऐकतात आणि एक ऐकत नाही. मुलं आधी म्हणतात मोजणी चुकली. पुन्हा मोजतात, तेच येतं. मग कुणीतरी म्हणतं की आयो गुरूच्या फार जवळ आहे म्हणून नियम बदलत असेल. हा वाईट विचार नाही, त्याला खोडून काढू नये, त्याची परीक्षा घ्यायला सांगावी. परीक्षा म्हणजे नोंदी दाट करायच्या. कंट्रोल आणि = तीनदा दाबलं की तीन तास पुढे जातात. दर तीन तासांनी एक नोंद, असे चार दिवस. आता आयोचा आवर्तकाल १.७७ दिवस निघतो आणि भागाकार पुन्हा ६५-६६ वर येतो.

कारण मुलांकडूनच काढून घेता येतं. आयो २४ तासांत ०.५६५ फेरी मारतो, म्हणजे अर्धीपेक्षा थोडी जास्त. मधली वाट न पाहता फक्त रात्री नऊची जागा पाहिली, तर तो ०.५६५ पुढे गेला की ०.४३५ मागे आला हे कळायला मार्गच नाही. कागदावर रेघ ओढणारा हात सावकाश वाटच निवडतो, आणि १ भागिले ०.४३५ म्हणजे २.३ दिवस. निसर्गात काही बिघडलेलं नव्हतं आणि मोजणीही चुकलेली नव्हती, नोंदी विरळ होत्या. कमी आवर्तकालाचे बदलते तारे किंवा परग्रहांची ग्रहणं शोधणाऱ्यांना या अडचणीशी रोज झगडावं लागतं, आणि ती इथे दहावीच्या मुलाच्या हाताशी येते.

प्लगइन चालत नसेल तर पडद्यावर पारदर्शक पट्टी धरूनही हा प्रयोग होतो, पण त्यातली अडचण आधी माहीत असावी. ०.४ अंशांच्या दृश्यात गुरूची त्रिज्या जेमतेम चार-पाच मिलिमीटर भरते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की त्रिज्येत दहा टक्क्यांची चूक, आणि घन केल्यावर तीच तीस टक्क्यांच्या पुढे जाते. मग ६५ च्या जागी ५० किंवा ८५ येईल. तरी चारही चंद्रांना तीच त्रिज्या वापरली असेल तर चौघांचा आकडा एकच येतो, आणि केप्लरचा नियम तेवढंच सांगतो. गुरूचं वस्तुमान काढायचं असेल तेव्हा मात्र त्रिज्या नेमकी लागते. ७१,४९२ किलोमीटर घेऊन गणित केलं की १.९ × १०^२७ किलोग्रॅम येतात, पृथ्वीच्या ३१८ पट.

मंगळाच्या वक्रगतीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, आहे. जानेवारी ते एप्रिल २०२७ हा काळ लावून तो ताऱ्यांमध्ये मागे सरकताना दाखवावा. पण नुसतं = दाबत गेलं तर तारेही रोज जवळजवळ एक अंश सरकतात आणि मंगळाचं मागे जाणं त्यात हरवतं. ऑल्ट आणि = दाबलं की नाक्षत्र दिवस पुढे जातो, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा. तारे जागच्या जागी राहतात आणि फक्त मंगळ चालतो. दिवस दोन प्रकारचे का असतात, हे समजवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

स्टेलेरियममध्ये विश्व जसं आहे तसंच दिसतं, त्यात हात घालता येत नाही. हात घालायला युनिव्हर्स सँडबॉक्स. ते विकत घ्यावं लागतं, पण शिक्षकाच्या एका मशीनवर असलं आणि प्रोजेक्टर जोडला तरी भागतं. तेही नको असेल तर फेट (PhET) या संकेतस्थळावरची गुरुत्वाकर्षण आणि कक्षांची सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये मोफत चालतात, आणि ताऱ्याचं वस्तुमान कमी-जास्त करायची पट्टी त्यांत आहे.

पहिला प्रश्न सोपा वाटणारा: सूर्य काढून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वीचं काय होईल? वह्या पाहिल्या तर बहुतेकांनी पृथ्वी गिळली असेल. प्ले. काहीच होत नाही. कृष्णविवराची त्रिज्या फक्त ३ किलोमीटर, आणि १५ कोटी किलोमीटरवर असलेल्या पृथ्वीला आतला गोळा केवढा आहे याने काही फरक पडत नाही, वस्तुमान तेच तर कक्षा तीच. आठ मिनिटांनी अंधार होईल, एवढंच.

दुसरा प्रश्न जास्त रसाळ आहे. सूर्याचं वस्तुमान दुप्पट केलं तर? अकरावीच्या मुलांना हे कागदावर काढता येतं. पृथ्वीचा वेग सेकंदाला २९.८ किलोमीटर, तेवढाच राहतो. नवी कक्षा लांबट होते, सूर्याजवळचं टोक सध्याच्या अंतराच्या एक तृतीयांशावर येतं आणि वर्ष १४१ दिवसांचं होतं. सँडबॉक्समध्ये वस्तुमान बदला, दिवस मोजा, ताळा जुळतो.

आणि निम्मं केलं तर? सूत्र सांगतं की पृथ्वीचा आजचा वेग हाच निम्म्या सूर्याचा मुक्तिवेग ठरतो, म्हणजे पृथ्वी नेमकी सीमेवर. वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या तारखांपासून हा प्रयोग चालवला तर उत्तरं जुळत नाहीत, आणि पूर्वतयारी न केलेला शिक्षक इथे गोंधळतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, वेग थोडा जास्त असतो. त्या दिवशी सूर्य निम्मा झाला तर ती कायमची निघून जाते. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, वेग थोडा कमी. त्या दिवशी तीच पृथ्वी बांधलेली राहते, नेपच्यूनच्याही पलीकडे, जवळपास दुप्पट अंतरापर्यंत जाते आणि सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी परत येते. फक्त १.७ टक्के लांबटपणाच्या कक्षेमुळे एवढा फरक. प्रयोगाआधी बाकीचे ग्रह काढून टाकावेत, नाहीतर परतीच्या वाटेवर ते पृथ्वीला खेचतात आणि कोणत्या कारणाने काय झालं ते सांगता येत नाही.

याच खिडकीत वेळेचा वेग वाढवत नेला की कधीतरी चंद्र पृथ्वीला सोडून भरकटतो. मुलं याला शोध समजतात. खरं तर सॉफ्टवेअर काळाचे तुकडे करून गणित करतं, आणि तुकडा मोठा झाला की गणित घसरतं. हे तोंडी सांगून पटत नाही, एक्सेलमध्ये करून घ्यावं लागतं. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे १), काळ वर्षांत घेतला की सूर्यासाठी जीएम, म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, ३९.४८ येतो. पहिली ओळ: क्ष १, य ०, क्ष-वेग ०, य-वेग ६.२८३. त्वरण म्हणजे उणे ३९.४८ गुणिले क्ष भागिले अंतराचा घन, य साठीही तसंच. काळाची पायरी ०.०१ वर्ष. पुढच्या ओळीत नवी जागा म्हणजे जुनी जागा अधिक जुना वेग गुणिले पायरी, वेगाचंही तसंच. शंभर ओळी खाली ओढा आणि आलेख काढा.

वर्षाअखेरी पृथ्वी एक खगोलीय एककावर परत यायला हवी. ती दीड एककावर, जवळजवळ मंगळाच्या कक्षेपाशी पोचलेली असते आणि पाऊण फेरीही पुरी झालेली नसते. दर पायरीला ती स्पर्शरेषेवरून सरळ जाते, म्हणून किंचित बाहेर पडते, आणि ते किंचित शंभरदा साठतं. आता एकच बदल करायचा. आधी नवा वेग काढायचा आणि जागा काढताना जुन्याऐवजी हा नवा वेग घ्यायचा. दोन रकान्यांतला सेलचा पत्ता एका ओळीने सरकवला की झालं. कक्षा बंद होते. थोडी लांबट राहते, पण शंभर वर्षं चालवली तरी उधळत नाही.

हे हाताने केलेलं मूल सँडबॉक्समधल्या भरकटलेल्या चंद्राकडे वेगळ्या नजरेने पाहतं. त्याला ताळाही माहीत असतो: वेळेचा वेग निम्मा करून तोच प्रयोग पुन्हा चालवायचा. निकाल बदलला तर तो गणिताचा दोष, तसाच राहिला तर भौतिकशास्त्राचा म्हणून विचार करायला हरकत नाही.

सॉफ्टवेअर एका बाबतीत मात्र मुलांच्या मनात चुकीचं चित्र घालतं, आणि ते म्हणजे अंतरं. ग्रह दिसावेत म्हणून ते मोठे काढलेले असतात. यावर उपाय संगणकाबाहेर आहे. सूर्य एक मीटर व्यासाचा धरा. पृथ्वी ९ मिलिमीटरची, १०७ मीटरवर. गुरू १० सेंटिमीटरचा, ५६० मीटरवर. नेपच्यून ३.२ किलोमीटरवर. नवी मुंबईच्या शाळांना पाम बीच मार्गाचा पदपथ यासाठी उत्तम आहे, ठाण्यात तलावपाळीला चालून गुरूपर्यंत तरी पोचता येतं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच मापाने २८,००० किलोमीटरहून दूर निघतो, आणि तो आकडा मुलांनी चालून दमल्यावर काढावा.

पाऊस सरला की या सगळ्याचा खरा ताळा आकाशात. गुरू संध्याकाळी वर असेल त्या महिन्यात स्टेलेरियममधून रात्री आठचं, त्याच दिवसाचं, चंद्रांचं चित्र छापून घ्यावं आणि ट्रायपॉडवर बसवलेली साधी १०×५० ची द्विनेत्री घेऊन गच्चीवर जावं. वांगणीला आकाशदर्शनाची सहल काढता आली तर उत्तमच, पण गुरूसाठी ठाण्याचं उजेडी आकाशही पुरतं. हाताने धरलेल्या द्विनेत्रीतून गुरूचे चंद्र नीट दिसत नाहीत, थरथरीत ते पुसले जातात. दुर्बीण वापरणार असाल तर चित्र उलटं येतं हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आयो आणि कॅलिस्टो बाजू बदलून बसलेले पाहून मुलांना आपला तक्ता चुकला असं वाटतं. आरशाच्या दुर्बिणीत सगळंच १८० अंशांनी फिरलेलं असतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर फक्त डावं-उजवं बदलतं. स्टेलेरियममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एच आडवं उलटवतं, कंट्रोल-शिफ्ट-व्ही उभं. आरशाच्या दुर्बिणीसाठी दोन्ही, भिंगाच्या दुर्बिणीसाठी पहिलं, आणि छापायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात पूर्व कुठे ते लिहून घ्या.